भाड्याचं लहान घर, खान्देशचं ऊन: सजावटीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, नंदुरबार, शहादा अशा गावांत वन रूम किचन किंवा वन बीएचके भाड्यानं घेतलेले लोक सजावटीबद्दल जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथं एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न रंगापासून आणि पडद्यांपासून सुरू होतात आणि दोन ओळींतच ऊन, ओल, डास किंवा घरमालक यांच्यापाशी येतात. उत्तरंही त्यामुळे तिथूनच दिली आहेत. आपल्याकडे घर आधी थंड, हवेशीर आणि कोरडं करावं लागतं. शोभेचा विचार त्याच्या मागून येतो.

१. घर नुकतंच घेतलं आहे. हातात पाच-सात हजार रुपये आहेत. पहिल्यांदा कशावर खर्च करू?

पहिला आठवडा काहीच घेऊ नका. सकाळी ऊन कुठून येतं, दुपारी तीन वाजता कुठली भिंत तापते, रात्री वारा कुठल्या खिडकीतून शिरतो, हे आधी बघा. घर बघायला आपण बहुतेक संध्याकाळी जातो, त्यामुळे दुपारचं घर आपल्याला ठाऊकच नसतं.

त्यानंतर आधी खिडक्यांना डासांची जाळी, मग पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली (प्रश्न ६), मग सुती पडदे आणि शेवटी दिवे. जाळी वेल्क्रो पट्टीवर बसणारी घ्या. ती खिडकीच्या चौकटीला चिकटते, धुवायला निघते आणि घर सोडताना गुंडाळून नेता येते. भाड्याच्या घरात खरेदी करताना मी एकच कसोटी लावते: ही वस्तू पुढच्या घरात माझ्याबरोबर येईल का? येणार नसेल तर तिच्यावर कमीत कमी पैसे घालावेत.

२. घरमालक खिळा ठोकू देत नाहीत. मग फोटो, घड्याळ, आरसा लावायचा कसा?

चिकट हुक घेण्याआधी भिंतीवरून तळहात फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर तो चुना किंवा डिस्टेंपर आहे. त्यावर चिकट हुक टिकत नाही, पडताना रंगाचा पोपडाही घेऊन पडतो, आणि मेमधल्या उष्णतेत तर लवकरच पडतो. असे हुक फरशीच्या टाइल्सवर, ऑइलपेंटच्या दारावर, काचेवर आणि लोखंडी कपाटावर चांगले धरतात. म्हणजे फोटो भिंतीऐवजी कपाटाच्या बाजूवर किंवा दाराच्या मागे लावायचे. पडद्यासाठी खिडकीच्या खाचेत दाबून बसणारा स्प्रिंगचा रॉड मिळतो, त्याला भोक लागत नाही. आरसा उभा करून भिंतीला टेकवा, पण खालून घसरणार नाही असा रबराचा तुकडा ठेवा. घरात रांगणारं मूल असेल तर टेकवलेला आरसा नकोच.

आधीच्या भाडेकरूंचे खिळे बहुतेक घरांत असतात. ते वापरायला कुणाची ना नसते.

३. करारात सजावटीबद्दल काही लिहून घ्यावं लागतं का?

घ्यावंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. आपल्याकडे अजून कितीतरी घरं ‘ओळखीतले आहेत’ म्हणून तोंडी बोलीवर दिली जातात. मग अनामत परत घेताना खिळ्याच्या एका भोकावरून वाद होतो. रंग कोण देणार, खिळे चालतील का, कूलरसाठी खिडकीची जाळी काढली तर परत कोण बसवणार, गच्ची वापरता येईल का, एवढं करारात लिहून घ्या. राहायला जाण्याच्या दिवशी प्रत्येक भिंत, नळ आणि फरशीचे फोटो काढून घरमालकांना लगेच पाठवून ठेवा. त्यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, दोन्ही बाजूंची ती सोय आहे.

४. भिंतींना कुठला रंग द्यावा? घर लहान दिसू नये आणि थंडही राहावं.

आतल्या भिंतीच्या रंगानं खोली थंड होत नाही, हा गैरसमज आधी सोडू या. उन्हाची उष्णता बाहेरच्या भिंतीतून, छतातून आणि काचेतून येते. आतला फिकट रंग दुसरं काम करतो: तो उजेड परतवतो. त्यामुळे खिडक्या-पडदे बंद ठेवलेल्या दुपारी फटीतून येणाऱ्या उजेडावरही खोली अंधारी वाटत नाही आणि ट्यूब लावावी लागत नाही. छत पांढरं ठेवा. भिंती साय, फिकट पिवळा, फिकट हिरवा अशा चालतील. एखादी भिंत गडद हवीच असेल तर तिथं रंगाऐवजी सुती साडी किंवा खण लावा. काढून नेता येतो.

चुन्याच्या सफेदीला लोक आता नाक मुरडतात. मला ती आवडते. स्वस्त आहे, तिचा उग्र वास राहत नाही, भिंतीतली ओल ती कोंडून ठेवत नाही, आणि चुना क्षारधर्मी असल्यानं बुरशी सहज धरत नाही. कपड्यांना पांढरं लागतं हा तिचा दोष आहे, म्हणून पलंगाच्या बाजूला चटई उभी लावावी.

जुना ऑइलपेंट खरवडणार असाल तर थांबा. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) असावी हा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं कितीतरी जास्त असू शकतं, आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. असा रंग कोरडा घासू नका. ओला करून काढा, नंतर फरशी ओल्या फडक्यानं पुसा आणि त्या दिवशी मुलं, गरोदर बाई घरात ठेवू नका. त्याहून सोपं म्हणजे रंग सुटलेला नसेल तर वरूनच नवा हात मारणं. नवीन रंगाचा वास जाईपर्यंत काही दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच तिथं झोपा.

५. सगळ्यात वरचा मजला आहे. मे महिन्यात रात्री अकरालाही छतातून झळ येते. काय करावं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि भुसावळ-जळगावच्या लोकांकडून तर फेब्रुवारीपासूनच येतो. पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि ते रात्री तुमच्या खोलीत सोडतो. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांना हा त्रास कमी होता. जाड मातीच्या छतातून उष्णता खाली पोचेपर्यंत रात्र होऊन बाहेरची हवा गार झालेली असे, आणि घरातली माणसं तोवर धाब्यावर झोपायला गेलेली असत. चार-पाच इंचांच्या स्लॅबमध्ये ती सोय नाही.

उपाय वरून करायचा. घरमालकांची परवानगी घेऊन गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. चुना धरून राहावा म्हणून त्यात थोडा चिकटवण्याचा गोंद घालतात. मार्चमध्ये दिलात तर पूर्ण उन्हाळा मिळतो. घरमालकांना सांगा की यानं स्लॅबही कमी तापतो आणि तडे कमी जातात, त्यांचाही फायदा आहे. गच्चीवर बिबडे, कुरडया, पापड वाळत घालणाऱ्या शेजारणींना आधी विचारा. नवा चुना कपड्याला लागतो, म्हणून खाली प्लास्टिक टाकून वर धोतर अंथरावं लागेल.

रंगाची परवानगी नसेल तर तुमच्या खोलीच्या वर बांबू किंवा विटांवर शेडनेट ताणा. केळीच्या आणि भाजीच्या रोपवाटिकांना लागतं म्हणून शेतीच्या दुकानांत ते सहज मिळतं. ७५ टक्के सावलीचं घ्या. नेट आणि स्लॅब यांच्यामध्ये हातभर अंतर हवं, म्हणजे मधून वारा वाहील. स्लॅबला चिकटवून अंथरलेल्या नेटचा उपयोग फार कमी होतो. वावटळीत उडू नये म्हणून चारही कोपरे नीट बांधा. रोज गच्चीवर पाणी मारण्याचा सल्ला मी देत नाही. जिथं पाणी काही दिवसांआड येतं तिथं ते परवडत नाही, आणि जुना स्लॅब असेल तर गळती लागते.

खोलीत: सकाळी आठ-नऊला सगळ्या खिडक्या आणि पडदे बंद, सूर्य मावळून बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडं. पंख्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की खोलीचं तापमान ४० अंशांच्या वर असेल तर नुसता पंखा अंगावर घेऊ नये, कारण तो शरीराला गार करण्याऐवजी तापवतो. तेव्हा अंगावर ओलं फडकं घ्या किंवा कूलर लावा. घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ असेल तर दुपारपुरती त्यांची खाट खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे टाकायला संकोच करू नका.

६. पश्चिमेची मोठी काचेची खिडकी आहे. जाड पडदा लावूनही खोली तापते. का?

कारण पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन काचेतून आत आलेलंच असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवायचं. बांबूचा चिक, वाळ्याची ताटी किंवा शेडनेटचा दुहेरी तुकडा खिडकीच्या बाहेरच्या ग्रिलला तारेनं बांधा. ग्रिलला बांधायला भोक पाडावं लागत नाही, त्यामुळे घरमालकांचीही तक्रार राहत नाही. वाळ्याच्या ताटीवर संध्याकाळी दोन तांबे पाणी शिंपडलं की येणारी हवा गार लागते आणि वासही सुरेख येतो. आतून फिकट सुती पडदा पुरे. मखमलीसारखे जाड पडदे धूळ धरतात आणि खोलीत कुणाला दमा असेल तर त्रास देतात.

७. कूलर लावला की तासाभरात अंथरूण दमट होतं, अंग चिकचिकतं. कूलर लहान पडतोय का?

कूलर पुरेसा आहे, खिडकी बंद आहे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, म्हणून कूलरची हवा गार लागते. पण ती दमट झालेली हवा खोलीबाहेर गेली नाही तर नवीन पाण्याची वाफ होणं मंदावतं आणि खोली नुसती ओली होते. कूलर खिडकीत बसवा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा ओढेल, आणि समोरचं दार किंवा खिडकी हातभर उघडी ठेवा. खोलीच्या मधोमध ठेवलेला कूलर तीच हवा फिरवत राहतो. दिवसा सगळं बंद ठेवा असं प्रश्न ५ मध्ये सांगितलं आहे. कूलर चालू असताना ही एक फट त्याला अपवाद.

पाऊस सुरू झाला की हवेतच दमटपणा असतो. कूलर तेव्हा उपयोगी पडत नाही, बंद करून कोरडा ठेवा. बोअरच्या जड पाण्यानं गवताच्या पॅडवर क्षाराचा थर बसतो आणि हवा अडते, म्हणून दर हंगामाला पॅड बदला.

लोखंडी कूलरला अर्थिंग असलेला तीन पिनांचाच प्लग हवा. पाणी भरताना प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून मागा. सजावटीच्या सगळ्या खर्चाआधी हा खर्च करा, आणि घरमालक देत नसतील तर स्वतः करा. प्रश्न १ मधल्या माझ्या कसोटीला हा एकच अपवाद मी मानते.

८. पाणी रोज येत नाही, म्हणून घरात पिंपं आहेत. ती दिसायला वाईट दिसतात आणि डासही होतात.

दिसण्याची सोय सोपी आहे: पिंपावर पाटाएवढी फळी टाकली की ते टेबल होतं, आणि झाकणही घट्ट राहतं. डासांसाठी मात्र शिस्त लागते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पिंप, कूलरची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी रिकामी करून आतून काथ्यानं घासायची. घासणं महत्त्वाचं आहे. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि पाण्याशिवायही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पाणी ओतून दिलं तरी ती तिथंच असतात.

डासांची कॉइल लहान बंद खोलीत रात्रभर जाळू नका, तिचा धूर छातीत जातो. मच्छरदाणी लावा. एका खोलीच्या घरात छतापासून सोडलेली पांढरी मच्छरदाणी दिसतेही सुंदर.

९. पिंप माळ्यावर ठेवलं तर जागा वाचेल ना?

नाही. एक लीटर पाण्याचं वजन एक किलो. दोनशे लीटरचं पिंप म्हणजे दोनशे किलो, आणि माळा त्यासाठी बांधलेला नसतो. माळ्यावर गाद्या, सुटकेस, सणाचं सामान.

१०. घरातली झाडं हवा शुद्ध करतात असं वाचलं. लहान घरात किती लावू?

आवडतात म्हणून लावा, हवेसाठी नको. नासाचा १९८९ चा जो अभ्यास सगळे सांगतात, तो बंद पेटीत केलेला होता. राहत्या घरात दारं-खिडक्यांतून हवा सतत बदलते, आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसलं की तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. खिडकी दहा मिनिटं उघडणं त्याहून जास्त उपयोगाचं.

आपल्या उन्हाळ्यात टिकणारी झाडं म्हणजे कोरफड, स्नेक प्लांट, मनीप्लांट. तुळस खिडकीत ठेवा, पण मेमध्ये तिलाही दुपारची सावली द्या. बाटलीतल्या पाण्यात वाढवलेला मनीप्लांट सुंदर दिसतो आणि त्याच पाण्यात डास होतात, तेव्हा आठवड्याला पाणी बदला आणि मुळं धुवा. मुलं किंवा मांजर असेल तर डिफेनबेकिया आणू नका, त्याचं पान चावलं तर तोंड, जीभ सुजते. मनीप्लांटही त्यांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवा.

११. पावसाळ्यात एक भिंत काळी पडते. वॉलपेपर लावून झाकली तर?

झाकली तर बुरशी मागे वाढत राहील आणि तुम्ही तिचे कण श्वासात घेत राहाल. ओल कुठून येते ते आधी शोधा. छताजवळ डाग असेल तर गच्चीची गळती, जमिनीपासून वर चढत असेल तर पाया, मधेच गोल डाग असेल तर आतली पाइपलाइन. यातलं काहीही दुरुस्त करायला घरमालकांनाच लागावं लागतं. त्यांना फोटोसह लेखी कळवा. तोवर कपाट आणि पलंग त्या भिंतीपासून वीतभर दूर ओढा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका, पोपडे ओल्या फडक्यानं काढा आणि कोरड्या दिवशी चुन्याचा हात मारा. बुरशी पुसायला ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर तिच्यात टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही अ‍ॅसिड मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो.

१२. स्वयंपाकघर इतकं लहान की ठेच्याच्या फोडणीनं बाळासकट सगळं घर खोकतं. भरीत भाजलं तर धूर पलंगापर्यंत. पडदा लावू का मध्ये?

पडदा लावू नका. तो धूर अडवत नाही, तेल आणि वास धरतो, आणि शेगडीजवळ पेटण्याची भीती वेगळीच. धुराला बाहेरची वाट द्या. खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी एक्झॉस्ट पंखा बसवा (जुनी काच जपून ठेवा, घर सोडताना परत लावायला) आणि फोडणी टाकायच्या आधीच तो चालू करा. पंखा शेगडीच्या बाजूला उंच हवा आणि समोरचं दार किंचित उघडं, म्हणजे ताजी हवा आत येऊन धूर ढकलेल. मधलं दार फोडणीपुरतं बंद. मिरच्या तव्यावर कोरड्या भाजण्यापेक्षा थोड्या तेलात झाकण ठेवून परतल्या तर ठसका पुष्कळ कमी होतो. घरच्या जाणत्या बायका हे करतातच, पण पहिल्यांदा एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना कुणी सांगितलेलं नसतं.

भरीत मात्र गॅसवर घरात भाजण्यासारखं नाही असं माझं मत आहे. भरिताची वांगी शेतात काड्यांवर भाजली जातात ते चवीसाठी, आणि धूरही मोकळ्यावर जातो म्हणून. जमलं तर गच्चीवर भाजा. हिवाळ्यात जळगावकडे भाजलेली वांगी विकतही मिळतात.

सजावटीच्या नादात सिलिंडर बंद कपाटात लपवू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. ओट्याखाली दार लावायचंच असेल तर तळाशी जाळी हवी. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्यापेक्षा वर, सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदललेली. वास आला तर बटणं हाताळू नका, खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि घराबाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. शेगडीमागच्या टाइल्सवर प्लास्टिकचे चिकट नक्षीकागद नकोत, तिथं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा टेकवा.

१३. वर्षाचा गहू आणि दादर (ज्वारी) गावाहून येते. ठेवायला जागा नाही. गोळ्या टाकून पलंगाखाली पोती ठेवली तर चालतील?

अजिबात नाही. या पानावरची एकच ओळ लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. धान्यात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना हवेतली ओल लागली की फॉस्फीन वायू निघतो. तो झोपेतच माणूस मारतो आणि त्याच्यावर उतारा नाही. राहत्या घरात, अगदी दुसऱ्या खोलीतही, त्या गोळ्या वापरू नका. गावाहून आलेल्या पोत्यात त्या टाकलेल्या आहेत का, हे फोन करून विचारा. असतील तर पोतं घरात घेऊच नका.

धान्य मेच्या उन्हात कडक वाळवा, एक रात्र गार होऊ द्या, मग पत्र्याच्या कोठीत भरा. आत वाळलेला कडुनिंबाचा पाला घालतात. डाळींना एरंडेल तेलाचा हात चोळा. कोठी भिंतीपासून सुटी, खाली पाट. एका खोलीच्या घरात मोठी कोठी वर गादी टाकून बैठक म्हणून वापरता येते, आणि ती बैठक पक्कीही असते. तरीही जागा नसेल तर वर्षाऐवजी तीन-तीन महिन्यांचं धान्य आणवा.

१४. जुना पलंग स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

लोखंडी असेल तर घ्या. लाकडी असेल तर सांधे आणि फटी बॅटरी लावून बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ते ढेकणांचे, लाकडावर मातीच्या रेषा दिसल्या तर वाळवीच्या. दोन्हींत किंमत कितीही कमी असली तरी नको. लोखंडी पलंग घरात आणण्याआधी सांध्यांत उकळतं पाणी घाला आणि दिवसभर उन्हात ठेवा. जुनी गादी मात्र कधीही घेऊ नये. गोधड्या-उशा आठवड्यातून एकदा कडक उन्हात टाका, आपल्या उन्हाचा तेवढा तरी फायदा घ्यावा.

१५. एकाच खोलीत झोप, अभ्यास आणि पाहुणे. खोली कशी लावू?

विद्यापीठाजवळ राहणारी मुलं आणि नवी लग्नं झालेली जोडपी हेच विचारतात. जमीन मोकळी ठेवा. दिवसा गुंडाळून ठेवता येईल असं अंथरूण आणि बैठकीला चटया घ्या. जळगावच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटया बनतात, हव्या त्या मापाच्या आणि रंगाच्या मिळतात, ओल्या फडक्यानं पुसता येतात. गालिचा आपल्या धुळीच्या उन्हाळ्यात नकोच. झाडू मारण्यापेक्षा ओलं पुसणं बरं, नाहीतर धूळ उडून परत तिथंच बसते.

अभ्यासाचं टेबल खिडकीला काटकोनात, उजव्या हातानं लिहीत असाल तर उजेड डावीकडून. दिवे दोन प्रकारचे: अभ्यासाला पांढरा, झोपण्याआधीच्या वेळेला पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचा. डब्यावर हा आकडा छापलेला असतो. खोलीच्या मधोमध कपाट उभं करून दोन भाग करू नका, वारा बंद होतो. ताणलेल्या दोरीवर सुती साडी सरकवली की आडोसा होतो आणि रात्री ती बाजूला करता येते.

१६. सासूबाई म्हणतात पलंगाचं डोकं दक्षिणेला हवं, पण तिथं खिडकी आहे. काय करू?

खिडकी बंद होत नसेल तर त्यांचं ऐका, घरात शांतता राहते. खिडकी बंद करावी लागत असेल तर पूर्वेला डोकं करता येतं का ते त्यांनाच विचारा, तीही दिशा मानलेली आहे. देवघराबद्दल एकच आग्रह: समई आणि पडदा यांच्यात हातभर अंतर.

१७. श्रावणात आमच्याकडे कानबाई (खान्देशातला देवीचा सण) असते. सगळी भाऊबंदकी येते, आणि खोली दहा बाय दहाची आहे!

नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि त्याआधी घराला रंग-सफेदी करायची रीत आहे. भाड्याच्या घरात ती संधी साधून वर्षाची डागडुजी करून घ्या, घरमालकही सणासाठी सहसा नाही म्हणत नाहीत. पण पावसात दिलेला रंग उशिरा वाळतो, म्हणून निदान दहा दिवस आधी.

चौरंग कोपऱ्यात ठेवा, दारासमोर नको, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट हवी. सजावट वर न्या: कोपऱ्यात चार बांबू दोरीनं बांधून त्यावर साडी, केळीचे खांब, आंब्याची पानं. थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं लागत नाहीत. १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी गांधीजींच्या सांगण्यावरून बांबू आणि गावात मिळणाऱ्या वस्तूंतूनच ते नगर उभं केलं होतं आणि सजवलं होतं. एक कोपरा सजवायला आपल्याला बाहेरून काही आणावं लागू नये. रोटांची पंगत गच्चीवर किंवा शेजारच्या घरात बसवा, आणि खोलीत गर्दी असताना समईजवळ एक जाणतं माणूस बसू द्या.

१८. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुलीसाठी घरात झोका बांधायचा आहे. पंख्याचा हुक चालेल का?

चालणार नाही. तो हुक स्थिर टांगलेल्या पंख्यासाठी असतो. झोक्याला हेलकावे बसतात आणि हुकावर मुलीच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. झोका निंबाला बांधा, सोसायटीत झाड नसेल तर लोखंडी स्टँडचा झोका भाड्यानं आणा किंवा चार घरांनी मिळून घ्या.

१९. बाथरूम लहान आहे. गॅस गिझर आतच बसवलेला आहे आणि झरोका पुठ्ठ्यानं बंद केला आहे, थंडी येते म्हणून. बदलायला हवं का?

आजच. गॅस बंद जागेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. पुठ्ठा काढा, गिझर बाथरूमबाहेर हवेशीर जागी हलवून मागा. तोवर बादलीत पाणी भरून गिझर बंद करून मगच दार लावा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे थंडी चांगलीच पडते, पण त्याच कारणानं बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवूनही झोपू नका.

२०. इन्व्हर्टरची बॅटरी दिसू नये म्हणून पलंगाखाली ठेवली आहे. बरोबर आहे का?

नाही. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. दाराजवळ किंवा खिडकीखाली, जाळीच्या खोक्यात ठेवा.

२१. घर सोडतोय. आम्ही लावलेला एक्झॉस्ट, जाळ्या, आरसीसीबी काढून न्यायचे की राहू द्यायचे?

जाळ्या, चिक, शेडनेट, स्प्रिंगचे रॉड तुमचे, काढून न्या. एक्झॉस्ट काढणार असाल तर जुनी काच परत बसवून द्या (प्रश्न १२). आरसीसीबी काढू नका, तुमच्यामागून येणाऱ्यांच्या घरातही लहान मुलं असतील. त्याच्या बिलाची रक्कम अनामतीत धरायला घरमालकांना आधीच विचारून ठेवा, आणि नाही मिळाली तरी तो तिथंच राहू द्या. चिकट हुक ओढून काढू नका. केस वाळवायच्या ड्रायरनं गरम करा, मग दोरा मागून फिरवा. खिळ्यांची भोकं पांढऱ्या पुट्टीनं भरून वरून त्याच रंगाचा हात द्या. मग प्रश्न ३ मधल्या फोटोंच्या जागीच उभं राहून पुन्हा फोटो काढा आणि किल्ली देण्याआधी घरमालकांना पाठवा.